अर्धा फेरा सैल

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर जिन्याला एक उभी खिडकी आहे. तिथे धाकटीनं थोरल्या बहिणीला गाठलं आणि बोटाएवढी काचेची कुपी उजेडात धरली. "ताई, बघ गं. चमकतंय ना?" थोरलीच्या हातात फायली होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला होता, तो खाली ओढायचीही गरज पडली नाही. धाकटीचा हात जरासा हलला आणि कुपीच्या तळाशी काहीतरी लखकन चमकून विझलं. भुकटी अशी चमकत नाही. भुकटी कितीही हलवली तरी पांढरीच दिसते, परातीत उरलेल्या पिठासारखी, आणि थोरलीनं एकोणीस वर्षं भुकटीच पाहिली होती, त्यामुळे जे भुकटी नव्हे ते तिला लांबूनही ओळखू आलं असतं. "चहातला साखरेचा खडा पडला असेल," ती म्हणाली. धाकटी खळखळून हसली. ती अशा विनोदांना नेहमीच हसते आणि तिचं हसणं खरं असतं, हाच तर त्रास आहे. "मशीनवर कधी घेशील?" "दोननंतर मोकळं आहे." "मग दोनला येते," म्हणत धाकटी एकेक पायरी गाळत वर पळाली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि थोरली कठडा धरून तिथेच उभी राहिली. धाकटी वळायच्या आत तिनं कुपीचं झाकण पाहून घेतलं होतं. ते अजून घट्ट लावलेलंच होतं, तिनं स्वतः लावलं होतं तसं.

प्रश्न म्हटला तर एवढासा आहे. कथलाचा एक अणू घ्या. त्याला ब्युटिलच्या दोन लांब शेपट्या असतात. त्या कथलाला सोडत नाहीत आणि बाकी कुणाच्या अध्यात ना मध्यात. उरलेल्या जागी दोन आम्लं येऊन बसतात आणि प्रत्येक आम्लाच्या टोकाला दोन ऑक्सिजन असतात, एकाच कार्बनला धरून वाढलेले. त्यातला एक कथलाला घट्ट पकडतो, याबद्दल कुणाचं दुमत नाही. दुसरा काय करतो? तोही पकडतो, की नुसता आसपास घुटमळतो? थोरलीनं तिशीत प्रबंध लिहिला तेव्हा ठासून सांगितलं होतं की दोन्ही पकडतात आणि सारखेच पकडतात. अवरक्त किरणांच्या आलेखातल्या दोन शिखरांमधलं अंतर मोजून तिनं ते सिद्ध केलं होतं, निदान तिला तसं वाटलं होतं. प्रबंध तपासणाऱ्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीनं तीन शब्द लिहिले: 'पण स्फटिक कुठाय?' पदवी मिळाली, नोकरी मिळाली, प्राध्यापक वारले, पण ते तीन शब्द काही तिच्या डोक्यातून पुसले गेले नाहीत. स्फटिक हातात असला की त्यावर क्ष-किरण टाकायचे आणि कोण कुणापासून किती लांब आहे ते सरळ मोजायचं. तिथे कुणाच्या मताला किंमत नसते. स्फटिक नसला की सगळा कारभार अंदाजपंचे. आणि हे संयुग स्फटिक द्यायला तयारच नव्हतं.

तिनं काय नाही केलं? द्रावकं बदलली, एकात दुसरं मिसळलं, थंड खोलीत ठेवून पाहिलं, गरम कपाटात ठेवून पाहिलं, काळ्या कागदात गुंडाळून पाहिलं, एकदा तर चिडून कुप्या घरी नेल्या आणि कपड्यांच्या कपाटात साड्यांमागे दडवल्या. बदलला नाही तो फक्त झाकणाचा नियम. तो तिचाच होता. झाकण घट्ट लावायचं आणि मग अर्धा फेरा सैल करायचं, म्हणजे द्रावक हळूहळू उडतं आणि रेणूंना ओळीत बसायला वेळ मिळतो. तिच्या ठसठशीत अक्षरात तो कुप्यांच्या कपाटावर चिकटवलेला होता, कागद पिवळा पडला तरी कुणाची काढायची छाती नव्हती. तिच्या माघारी तिला 'अर्धा फेरा' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्या नियमानं इतरांचे शेकडो स्फटिक झाले. क्ष-किरणांचं मशीन तिच्याच ताब्यात, म्हणून जो तो आपली कुपी घेऊन तिच्याकडे यायचा, ती स्फटिक निवडायची, चढवायची, मोजायची आणि अभिनंदन करायची. परक्यांचं तिला काही वाटलं नाही. परक्यांच्या ताटात किती वाढलंय ते कोण बघतं? माणसाचं लक्ष असतं शेजारच्या ताटात, जिथे वाढणारा हात एकच असतो.

धाकटीला इथे तिनंच आणलं होतं. अठरा वर्षं शाळेत रसायन शिकवून धाकटी कंटाळली आणि एके रविवारी आईसमोर म्हणाली, "ताई, तुमच्याकडे मला काही काम मिळेल का गं?" थोरलीनं दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, सरांकडे, शब्द टाकला. फ्लास्क कसे वाळवायचे, मिश्रण उकळताना सुटणारं पाणी काचेच्या आडव्या नळीत थेंबाथेंबानं कसं गोळा करायचं, शेवटचा थेंब पडेपर्यंत घाई का करायची नाही, सगळं तिनं हाताला धरून शिकवलं. सरांनी धाकटीला नेमकं तेच आम्ल आणि तेच कथील देऊ केलं तेव्हा त्यांनी थोरलीकडे पाहिलं होतं, आणि ती म्हणाली होती, "करू दे की. माझी काय मक्तेदारी आहे?" असं म्हणताना तिला खरोखर मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. ते वाटणं महिनाभर टिकलं असेल. मग तिच्या लक्षात येऊ लागलं की जेवणाच्या सुट्टीत धाकटीच्या टेबलापाशी खुर्च्या कमी पडतात. काचकाम करणारे म्हातारे, जे थोरलीशी एकोणीस वर्षांत कामापुरतंच बोलले होते, ते धाकटीला आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगत बसतात. आणि तो वास. ही संयुगं वंगाळ वासाची असतात, तो वास केसांत, बाह्यांत, पर्सच्या पट्ट्यात जाऊन बसतो, बसमध्ये शेजारची बाई नाक मुरडून सरकते. थोरली संध्याकाळी घरात शिरली की आई हमखास म्हणायची, "आलीस का तो वास घेऊन? आधी हातपाय धू." धाकटी शनिवारी तोच वास घेऊन त्याच दारातून आत आली तर आई म्हणाली, "दमलीस गं बाई. बस आधी." थोरली स्वयंपाकघरात उभी होती. तिनं ऐकलं, पाण्याचा पेला भरला आणि बाहेर नेऊन दिला. धाकटीनं अर्धा पिऊन तो उघडा खिडकीत ठेवून दिला.

उघडं ठेवायचं ही धाकटीची जन्माची खोड. दातांच्या पेस्टचं टोपण, पेनाचं टोपण, पाण्याची बाटली, पावडरचा डबा. थोरली मागून झाकणं लावत फिरायची. कुणी तिला सांगितलं नव्हतं; उघडी बाटली दिसली की हातच पुढे जायचा. ती बारा वर्षांची आणि धाकटी सात वर्षांची असताना शाईची दौत अशीच उघडी राहिली आणि थोरलीच्या चित्रकलेच्या वहीवर लवंडली. वर्षभराची चित्रं होती. धाकटीनं ओठ काढून, डोळ्यांत पाणी आणून तिचा हात धरला: "आईला सांगू नकोस हं, ताई." तिनं नाही सांगितलं. आईला निळी झालेली चटई दिसलीच, आणि आई थोरलीवरच कडाडली, "तू मोठी ना? तुझं लक्ष नको?" थोरली गप्प बसली. शब्द दिला होता. ती वही तिनं वाळवून बरीच वर्षं ठेवली होती. पानं एकमेकांना चिकटली होती आणि सोडवायला गेलं की फाटायची. आईचं आपलं वेगळंच. धाकटीच्या हाताला यश आहे, हे आईचं ठरलेलं वाक्य. धाकटीनं कुंडीत काडी खोचली की ती रुजते, धाकटीनं बंद घड्याळ हलवलं की ते चालतं. थोरलीच्या हाताला काय आहे, हे आईनं कधी सांगितलं नाही. थोरलीनं विचारलंही नाही, कारण असल्या गोष्टी विचारून मिळाल्या तर त्यांची चवच जाते.

तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी, जेवणानंतर सगळे व्याख्यानाला खाली गेले होते. ती आपल्या कुप्या बघायला कपाटापाशी आली. पाचही कुप्यांत दुधाळ साका बसला होता, म्हणजे पुन्हा भुकटी. खालच्या फळीवर धाकटीच्या तीन कुप्या होत्या, चारच दिवसांच्या, झाकणं नियमानुसार अर्धा फेरा सैल. आतलं द्रावण स्वच्छ, नितळ. त्याच सकाळी चहा पिताना आई म्हणाली होती, "बघ, तुझं ते कोडं धाकटीच सोडवते की नाही. तिच्या हाताला यश आहे." अगदी सहज म्हणाली होती, भाजी निवडता निवडता. थोरलीनं पहिली कुपी उचलली आणि झाकण फिरवलं. अर्धा फेरा, आणि मग आणखी, झाकणाची कड बोटात रुतेपर्यंत. मग दुसरी. मग तिसरी. द्रावक उडालं नाही की काही बाहेर पडणार नाही, विरघळलेलं विरघळलेलंच राहील. बसू दे तशीच, निदान माझं होईपर्यंत. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. मनाची समजूत घालायला तिनं एखादी सबबही शोधली नाही. तळव्यावर झाकणाच्या खाचांचे वळ उठले होते, ते ती व्याख्यान संपेपर्यंत चोळत राहिली. त्यानंतर रोज सकाळी ती कपाट उघडायची तेव्हा सैल करायला हात पुढे जायचा आणि मागे यायचा. पुढे त्याची सवय झाली. वाईट गोष्टीचीही सवय होते, आठ-दहा दिवस पुरतात.

आणि तिनं ज्याची वाट एकोणीस वर्षं पाहिली ते आता तिच्याच दुष्टाव्यातून झालं होतं. जिन्यातून खोलीपर्यंत येताना तिनं ते पुरतं जुळवलं. हे संयुग अर्ध्या फेऱ्याच्या वेगानंही घाबरून खाली बसत होतं. त्याला याहून कितीतरी सावकाश हवं होतं. जुन्या, झिजलेल्या झाकणातून पाझरेल तेवढंच. एकदा, फक्त एकदा आपलं झाकण घट्ट ठेवून विसरून गेली असती तर! पण ती विसरणारी नव्हती. विसरभोळी धाकटी. जळफळाट असा की बसवेना. स्वतःच्या हातानं धाकटीला यश दिलं होतं, आणि आईचं वाक्य तेवढं खरं ठरलं होतं.

दोनला धाकटी आली, तिन्ही कुप्या घेऊन, आणि उंच स्टुलावर चढून पाय हलवत बसली. थोरलीनं पहिली कुपी घेतली, झाकण फिरवलं. हललं नाही. पदरानं धरून फिरवलं. नाही. मनगटातून कळ गेली. धाकटी बघत होती. "उघडत नाही ना?" ती म्हणाली, एवढंच. थोरलीच्या कानशिलांवर घाम आला. तिनं नळाचं गरम पाणी झाकणावर सोडलं, रबरी हातमोजा चढवला, दात ओठ खाऊन पिळलं, तेव्हा कुठे ते करकरत सुटलं. तिनं वळून पाहिलं नाही. तळातला खडा तिनं तेलाच्या थेंबात घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगला होता. चांगला म्हणजे, इतकी वर्षं तिनं परक्यांचे पाहिले त्यातही असे मोजकेच असतील: कडा धारदार, आत एक भेग नाही, आरपार दिसणारा. सुई तिच्या हातात होती. टोक केसभर सरकलं असतं तर खड्याची भुकटी झाली असती आणि 'अरेरे, निसटली गं' म्हणायला तिला कुणीच अडवलं नसतं. असं तर होतंच, नव्याजुन्या सगळ्यांकडून होतं. तिनं श्वास रोखला. सुई खड्याच्या कडेला टेकली, आणि हातानं तिला न विचारता त्याला नायलॉनच्या बारीक फासात अलगद उचललं. हाताला इतक्या वर्षांत दुसरं काही येतच नव्हतं. तिनं फास मशीनवर बसवला, थंड वायूची धार सोडली, दार लावलं. पडद्यावर ठिपके उमटले, काटेकोर, एका ओळीत, शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखे.

मशीन आपलं काम करत राहिलं. धाकटीनं मध्येच विचारलं, "आईचा गुडघा कसाय?" "तसाच." "रविवारी येते." "ये." चार वाजून गेले तेव्हा पडद्यावर रेणू उभा राहिला. मध्ये कथील, दोन्हीकडे शेपट्या. एका शेपटीचं टोक जागेवर ठरत नव्हतं, दोन ठिकाणी दिसत होतं. थोरलीनं पहिल्या ऑक्सिजनवर बाण नेला. दोन पूर्णांक बारा. हे आकडे अँगस्ट्रॉममध्ये असतात, सेंटिमीटरचे दहा कोटी तुकडे केले तर त्यातला एक. मग दुसऱ्यावर नेला. दोन पूर्णांक छपन्न. दुसऱ्या आम्लाकडेही तीच तऱ्हा: एक जवळ, एक लांब. "सारखे नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. एकोणीस वर्षांचा प्रबंध एका आकड्यात आडवा झाला होता.

"पण सुटलेलाही नाही ना," धाकटी स्टुलावरून वाकून म्हणाली. "काही संबंध नसलेले अणू साडेतीनच्या आत येत नाहीत, तूच शिकवलंस. हा अडीचवर आलाय म्हणजे पकड आहे. जरा सैल आहे, एवढंच. तुझं जवळपास बरोबर होतं, ताई."

हे 'जवळपास' तिला चपराक मारल्यासारखं लागलं. चूक म्हणाली असती तर भांडता आलं असतं. "तुझा क्रिस्टल आहे," ती म्हणाली. "तू लिही काय ते."

"लिहीन. पण क्रिस्टल तू वाढवलास असं लिहीन. झाकणं तू लावलीस ना."

थोरलीनं पडद्यावरचा रेणू उगाचच फिरवला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. सुटायची वाट समोर होती, रुंद आणि सोपी. "धूळ जाईल म्हणून लावली," ती म्हणाली. "तुला सवयच आहे उघडं टाकायची."

"मलाही आधी तसंच वाटलं. सोमवारी बघितलं तर झाकणं बंद. हसू आलं मला, म्हटलं, ताई अजून माझ्यामागे झाकणं लावत फिरतेय. मग सैल करायला गेले." धाकटीचे पाय हलायचे थांबले होते. "उघडेना. दोन्ही हातांनी उघडेना. हात सोलवटला माझा. काळजीनं लावलेलं झाकण इतकं घट्ट नसतं, ताई."

मशीनचा पंखा घुमत होता. थोरलीला वाटलं, आता काहीतरी बोलायलाच हवं, नाही तर ही खोली कायमची अशीच राहील. "मला नको होता तुझा क्रिस्टल व्हायला," ती म्हणाली. "माझ्याआधी नको होता. कुणाचाही चालला असता, तुझा नको होता." बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं नाही. फक्त बोलून झालं.

"माहितेय."

"मग उघडलं का नाहीस? गरम पाणी होतं, पक्कड होती, कुणालाही सांगायचंस."

"रडले त्या दिवशी. मग म्हटलं राहू दे. तुला एवढं हवंय, तर होऊ दे तुझा आधी." धाकटीनं खांदे उडवले. "बघायचीसुद्धा नाही मी. आज सकाळी कपाटात रुमाल शोधत होते, तर चमकलं."

थोरलीनं मान खाली घातली. तिनं घट्ट लावलं होतं ते हिचं होऊ नये म्हणून, आणि हिनं तसंच ठेवलं होतं ते ताईचं व्हावं म्हणून, आणि मधल्या मध्ये कथलाला हवा होता तेवढा वेळ मिळाला होता. तिला धाकटीचा राग आला, इतका की डोळे भरून आले. मत्सर करायची एवढी एक जागा उरली होती, तीही हिनं ठेवली नाही.

धाकटी स्टुलावरून उतरली आणि उरलेल्या दोन कुप्या तिनं थोरलीपुढे ठेवल्या. उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी, पुसट होत चाललेला गुलाबी चट्टा होता. "ही दोन राहिलीत," ती म्हणाली. "तूच लावलीस, तूच उघड. माझ्याच्यानं होत नाही."

थोरलीनं एक कुपी उचलली, हातमोजा चढवला, झाकणाला बोटं लावली. फिरवायच्या आधी क्षणभर थांबली. तिला काहीतरी मोठ्या माणसासारखं बोलायचं होतं, एकोणपन्नास वर्षांच्या बाईनं बोलावं तसं, माफीचं. पण तोंडातून निघालं ते भलतंच, आणि आवाजही तिचा नव्हता, बारीक होता.

"आईला सांगू नकोस हं."

धाकटीनं नळ सोडला आणि पाणी गरम येईपर्यंत त्याखाली बोट धरून उभी राहिली.